आप्पा थकले नव्हते

विमान जागेवर लागलं, इंजिनं बंद झाली, कागदांवर सह्या करून दिल्या आणि मग मी फोन सुरू केला. बऱ्हाणपूरहून सात मिस्ड कॉल! खरं सांगते, मी खूश झाले. आदल्याच दिवशी मी आप्पांना आमच्या पायलटांच्या संघटनेच्या नव्या नियमांचा मसुदा पाठवला होता आणि वर मुद्दाम खोडी काढली होती, "वाचा, आणि चिडा." सात कॉल म्हणजे आप्पा चांगलेच चिडले होते. गाडीपर्यंत चालत जाताना मी मुद्द्यांची जुळवाजुळव केली. पहिला कुठला काढायचा, कुठला राखून ठेवायचा, ते "तू काल जन्मली" म्हणाले की त्यावर काय फेकायचं... फोन लावला. पलीकडून काकू, आप्पांची बायको, बोलल्या. आप्पा सकाळी केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघायला गेले, बांधावर जरा टेकले, ते पुन्हा उठले नाहीत. मी काकूंशी काय बोलले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की माझ्या डोक्यातले मुद्दे थांबायला तयार नव्हते. ज्याच्याशी भांडायचं तो माणूस गेला होता आणि मी आपली मनातल्या मनात तिसऱ्या मुद्द्यावर आले होते.

त्याला आता सहा आठवडे होतील. आप्पा म्हणजे कॅप्टन प्रल्हाद, आधी बऱ्हाणपूरजवळच्या सगळ्या बहादरपूर गावाचे आणि मग अर्ध्या विमानतळाचे आप्पा. माझे वडील बऱ्हाणपूरला शाळेत गणित शिकवायचे आणि आप्पा त्यांचे विद्यार्थी, म्हणून मी त्यांच्या लेखी शेवटपर्यंत 'सरांची पोरगी'. मी बारा वर्षांची असताना ते कॅप्टन झाल्याची बातमी घेऊन आमच्या सिंधीपुऱ्यातल्या घरी आले. हातात मावा जिलेबीचा हा एवढा पुडा, आणि बोलणं असं भरधाव की आईला त्यांच्या हातातून पुडा काढून घ्यावा लागला. मी विमानाबद्दल एक प्रश्न विचारला, तर या माणसाने आमच्या बैठकीतल्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी लावल्या आणि मला डावीकडची दाखवली. "ती कॅप्टनची. बस तिच्यात. घाबरू नको, खुर्चीच आहे." मी बसले आणि मला काय झालं ते शब्दांत सांगता येत नाही, अंगातून वीज गेल्यासारखं झालं. बाबांचा बेत मला इंजिनीअर करायचा होता. पुढे सहा वर्षांनी आप्पांनी त्यांच्याशी दोन तास वाद घातला आणि जिंकला. सरांना वादात हरवणारा तो एकच विद्यार्थी, असं बाबा नंतर कौतुकाने सांगायचे.

आप्पा मुंबईहून विमानं उडवायचे आणि राहायचे बहादरपूरला. लोकांना हे पटायचंच नाही. मुंबईत घर का घेत नाही, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मुंबईत केळी लावता येते का? मग?" विमानतळाजवळ सहा पायलटांनी मिळून एक खोली घेतलेली होती, तिच्यात सहा पलंग. कुणी जालंधरचा, कुणी कोचीचा. पण त्या खोलीत आप्पांचं एक वेगळंच चालायचं. उड्डाण उद्या असेल तर ते आज सकाळीच रेल्वेने येऊन पोचायचे, जेवायचे, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून जे झोपायचे ते झोपायचेच. नियम तसा नव्हता. नियमात फक्त ड्यूटीचे तास मोजले जायचे. तुम्ही घरी सुट्टीवर असलात की कागदावर तुमची विश्रांती झाली. मग ती सुट्टी तुम्ही लग्नात नाचून घालवा किंवा गाडीत उभ्याने. आप्पा म्हणायचे, "कागद झोपतो, आपण नाही झोपत." बाकीचे पाच जण त्यांना हसायचे आणि ड्यूटीच्या दोन तास आधी धावत-पळत यायचे.

मी को-पायलट झाले, त्याच कंपनीत लागले, आणि आमची भांडणं सुरू झाली! काय भांडणं होती ती! आजही आठवून अंगात जोर येतो. तेव्हा संघटनेची कंपनीशी रोस्टरवरून, म्हणजे कुणी कधी उडायचं त्या वेळापत्रकावरून, बोलणी चालली होती. पायलट कमी, विमानं जास्त, आणि मधली पोकळी भरायला कंपनी सुट्टीवरच्या पायलटांना फोन करून जादा उड्डाणं द्यायची. संघटनेचं म्हणणं, बोलणी होईपर्यंत सुट्टीच्या दिवशी कुणी उडायचं नाही. सगळे फोन उचलत राहिले तर कंपनी नवे पायलट कशाला घेईल? आणि मी? मी प्रत्येक फोन उचलायची. पहिल्या रिंगला! मला कॅप्टन व्हायचं होतं, त्याला उड्डाणाचे तास लागतात, आणि माझे तास माझ्याबरोबरच्या मुलांपेक्षा कमी होते, कारण मला घ्यायलाच उशीर केला होता. आप्पांना मी तोंडावर सांगितलं, "तुमचे तास भरून झालेत, म्हणून तुम्हाला तत्त्व परवडतं." त्यावर ते खवळले. "अगं, तुझी सुट्टी म्हणजे तुझी एकटीची आहे का? तू ती विकून राहिली, आणि भाव आमचा सगळ्यांचा पडून राहिला."

असाच एक वाद बऱ्हाणपूरच्या राजघाटावर झाला होता. हिवाळ्याची सकाळ, आप्पा तापीत डुबकी मारून वर आलेले, खांद्यावर ओला पंचा, आणि मी पायऱ्यांवर हातवारे करत उभी. आमचा आवाज इतका चढला की आंघोळीला आलेली माणसं गोळा झाली. एका काकांनी विचारलं, जमिनीचं भांडण आहे का? आप्पांनी त्यांना विमान कंपनीचं रोस्टर पहिल्यापासून समजावून सांगितलं! अगदी जादा उड्डाणं, सुट्टी, बोलणी, सगळं. मग तिथे दोन तट पडले. मागावर काम करणारे एक गृहस्थ माझ्या बाजूने, पोरीला वर चढायचं आहे तर चढू द्या की. एक केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर शांतपणे दात घासत सगळं ऐकत होता. तो चूळ भरून म्हणाला, "मॅडमजी, मेरा सेठ भी यही बोलता है, एक चक्कर और मार ले. मैं मार भी लेता हूँ. पर मैं आपके प्लेन में नहीं बैठूँगा." सगळा घाट हसला. आप्पा तर इतके हसले की पायरीवर बसले. मी रागाने लाल झाले आणि त्याच दुपारी आणखी एक जादा उड्डाण घेतलं. माझा स्वभावच तसा आहे, माझं तोंड आधी चालतं आणि डोकं मागून येतं.

आता तो दिवस सांगते. सांगायला मला पाच वर्षं लागली.

माझ्या मावसबहिणीची हळद होती सिंधीपुऱ्यात. दोन दिवस घरात धड कुणी पाठ टेकलेली नाही. दुपारच्या पंगतीत मी वाढत होते आणि कंपनीचा फोन आला. उद्या दुपारी मुंबई-नागपूर, को-पायलट हवा आहे, घेणार का? हातात वरणाचं भांडं आणि मी म्हणाले, घेते. कॅप्टन कोण ते मी विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळची गाडी पकडली, रिझर्व्हेशन मिळालं नाही, सकाळपर्यंत बॅगेवर बसून मुंबईला आले, अंघोळ केली, गणवेश चढवला, हातावरची हळद घासघासून काढली आणि वेळेवर हजर झाले. समोर आप्पा! ताजेतवाने, नुकतेच न्हाव्याकडून आल्यासारखे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती झोपली?" मी म्हणाले, "सहा तास." एका क्षणात, पापणी न लवता.

उड्डाणाआधी को-पायलटने हवामान वाचून दाखवायचं असतं. मी वाचलं. वारा किती, कुठून, ढग किती उंचीवर, धावपट्टीवर किती लांबचं दिसतंय, पर्यायी विमानतळ कुठला. आवाज खणखणीत, एक अडखळण नाही. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बेटा, आपण कुठं जाऊन राहिलो?" मी म्हणाले, "नागपूर." "आणि हे वाचलं ते?" मी कागदाकडे पाहिलं. मी इंदूरचं हवामान वाचलं होतं. आधीच्या आठवड्यात तीन वेळा जादा उड्डाणं करून इंदूरला गेले होते, हात आपोआप तिकडे गेला. नुसतं चुकीचं वाचलं असतं तर एक वेळ ठीक होतं, पण मी इंदूरच्या हिशेबाने पुढचं सगळं ठरवून मोकळी झाले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता... आप्पांनी टेबलावरचा फोन उचलला, रोस्टरवाल्यांना लावला आणि म्हणाले, "मी थकलोय. आज उडवणार नाही. दुसरा क्रू द्या." कॅप्टन उतरला की त्याच्याबरोबर बसवलेला को-पायलटही मोकळा होतो. दुसरे दोघे आले, विमान दीड तास उशिरा गेलं.

मी बाहेरच्या बोळात त्यांना गाठलं. मी उपकार मानायला हवे होते, आणि मी भांडायला लागले! "तुम्ही थकलेले नाही! मला विचारल्याशिवाय तुम्ही असं कसं केलंत?" ते चहाचा कप घेऊन उभे. "नोंद माझ्या नावावर झाली. तू का तणतण करून राहिली?" "पण तुम्ही थकलेले नाही!" मग ते हसले. "मग जा ना आत. सांग त्यांना, आप्पा नाही थकले, मी थकली." मी दाराकडे पाहिलं. कॅप्टनपदाची माझी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. स्वतःहून घेतलेल्या जादा उड्डाणाला न झोपता आले आणि कॅप्टनशी खोटं बोलले, अशी नोंद झाली असती तर मला कुणी त्या परीक्षेला बसवलं नसतं. मी आत गेले नाही. आप्पांनी चहा संपवला आणि मला त्या सहा पलंगांच्या खोलीवर नेऊन त्यांच्या पलंगावर झोपायला लावलं. मी अकरा तास झोपले.

तिथे हे मिटलं असतं तर मी आज लिहायला बसले नसते. पण कागद फिरतात. कंपनीने चौकशी केली, कॅप्टन कुठून येतात? बऱ्हाणपूरहून, रेल्वेने. झालं! आप्पा नव्या मुलांना शिकवायचे, तो त्यांचा जीव की प्राण, ते काम काढून घेतलं. आणि महिन्याभरात संघटनेची सभा भरली, बाहेरगावाहून येणाऱ्या पायलटांसाठी नियम करायला. त्यांनी ड्यूटीच्या बारा तास आधी मुंबईत हजर असलं पाहिजे, असा ठराव. सभा कसली, रणधुमाळी होती. जालंधरवाला ओरडतोय, माझ्या सुट्टीवर तुमचा काय अधिकार? मुंबईवाले ओरडताहेत, तुम्ही पेंगत येता आणि आमचं रोस्टर कोलमडतं. मग एकजण उठला आणि म्हणाला, उदाहरणच देतो, बुरहानपुर केस. ट्रेनने आले, थकले, विमान दीड तास खोळंबलं. सगळ्यांच्या माना आप्पांकडे वळल्या. आप्पा हाताची घडी घालून बसलेले, चेहऱ्यावर काही नाही. मी तिसऱ्या रांगेत होते. माझी परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. मी माझ्या बुटांकडे बघत राहिले. ठराव मताला आला आणि आप्पांनी बाजूने हात वर केला. लोक हसले, टाळ्या वाजल्या, त्यांना वाटलं चूक कबूल केली.

जिन्यावर मी त्यांच्या मागे धावले. तुम्ही बाजूने मत का दिलंत, विचारलं. ते थांबले. "नियम बरोबर आहे. मी तर पहिल्यापासून तसाच येऊन राहिलो. फक्त उदाहरण चुकीचं आहे." दोन पायऱ्या उतरून परत वळले. "जमलं तर कधी दुरुस्त करजो." एवढंच. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी हा विषय काढला नाही. मी कॅप्टन झाले तेव्हा बहादरपूरहून केळीचा अख्खा घड पाठवला. ते निवृत्त झाले, आमची भांडणं फोनवर सुरू राहिली, सरकारी नियमांवर, जादा उड्डाणांवर, सगळ्यावर. आणि इकडे 'बुरहानपुर केस' हा आमच्यात शब्दच होऊन बसला. कुणी जांभई दिली तरी मुलं म्हणायची, क्या सर, बुरहानपुर केस? त्यातल्या निम्म्यांना बऱ्हाणपूर कुठे आहे ते माहीत नव्हतं. मी ऐकायची. दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी सांगीन. आप्पा आहेत ना, घाई काय आहे...

मी त्यांना जो मसुदा पाठवला होता तो त्यांच्या पश्चात तीन आठवड्यांनी सभेपुढे आला. त्यात एक नवं कलम होतं, ज्याने थकल्याचं सांगितलं त्याने एका दिवसात लेखी कारण द्यावं. यावर आप्पा चिडणार हे मला माहीत होतं, त्यासाठीच तर पाठवला होता! एक हुशार तरुण पायलट कलमाची बाजू मांडायला उभा राहिला आणि त्याने सुरुवातच केली, "वो बुरहानपुर केस सबको याद होगा..." मी उठले. हात वरही केला नाही. "ती केस माझी आहे," म्हणाले. "आप्पा त्या दिवशी आठ तास झोपून आले होते. थकले होते ते मी. मी खोटं बोलले, त्यांनी माझ्याऐवजी स्वतःचं नाव दिलं, आणि याच हॉलमध्ये मी गप्प बसले." मग हळद, इंदूरचं हवामान, सगळं सांगितलं. त्या दिवशी आप्पांना लेखी कारण द्यावं लागलं असतं, तर एकतर त्यांना सहीनिशी खोटं लिहावं लागलं असतं किंवा मला बुडवावं लागलं असतं. आणि तिसरं जे झालं असतं ते म्हणजे कंटाळून त्यांनी ते विमान उडवलं असतं, शेजारी मला घेऊन. हे कलम आलं तर उद्या 'मी थकलोय' सांगायला कुणी फोन उचलणारच नाही. मी किती वेळ बोलले कुणास ठाऊक. मागून कुणीतरी विचारलं, मॅडम, आता तुमच्यावर कारवाई होऊ शकते, माहीत आहे? म्हणाले, होऊ दे. मत घेतलं. बारा तासांचा नियम कायम राहिला, तो राहायलाच हवा होता. कारण विचारायचं कलम पडलं. दणदणीत पडलं! मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलं की हे सांगायला फोन कुणाला करायचा ते आता ठरलेलं नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात मी बहादरपूरला गेले. दुपारचे दोन वाजले होते. आप्पांच्या घरासमोरचा रस्ता केळीच्या ट्रॅक्टरांचा, दिवसभर ये-जा. पण त्या घरापाशी हॉर्न वाजत नाही. आप्पा उडून आले की पहिला दिवस वरच्या खोलीत झोपायचे आणि काकू फाटकाला एक हिरवा टॉवेल अडकवायच्या. तो दिसला की ट्रॅक्टरवाले हॉर्न दाबायचे नाहीत, पोरं चेंडू घेऊन मागल्या गल्लीत जायची, भाजीवाली नुसती उभी राहायची. कुणी ठरवून दिलेलं नाही, आपोआप पडलेली सवय. टॉवेल आता नाही. तरी मी बसले होते तेवढ्यात चार ट्रॅक्टर गेले, चारही तसेच मुकाट्याने.

मी काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं, मग म्हणाल्या, "मले माहीत होतं. त्याच दिवशी फोन केला होता त्यांनी. हसत होते, सरांची पोरगी नागपूरचं विमान इंदूरला नेऊन राहिली होती म्हणे." मला तोंड वर करवेना. "पण मले शपथ घातली. कोणापाशी बोलायचं नाही, तिचं तिलाच सांगू दे. पाच वर्षं, पोरी. लग्नात जा, बारशात जा, बाया विचारायच्या, आप्पा थकले का हो आता? शिकवायचं काम काढलं म्हणे? मी म्हणायची, हो बाई, थकतात." मग माझ्याकडे वळल्या. "आता तू सांगितलं ना? सगळ्यांपुढे सांगितलं ना?" मी मान हलवली.

काकू उठल्या. पदर खोचला, सरळ ओट्यावर गेल्या आणि त्या शांत रस्त्यावर इतक्या मोठ्याने ओरडल्या की येणारा ट्रॅक्टर करकचून थांबला. "ओ जिजी! ए सुमन! इकडं या, आधी इकडं या! सरांची पोरगी काय सांगते ते ऐका!" समोरच्या जिजी पिठाच्या हातांनी आल्या. सुमन आली, तिची सासू आली, ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून आला. काकूंनी मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "सांग. पहिल्यापासून सांग." मी सांगितलं. तेवढ्यात आणखी कुणी आलं की काकू म्हणायच्या, पुन्हा सांग. त्या दुपारी ती गोष्ट मी अकरा वेळा सांगितली. बाराव्या वेळी माझा घसा बसला, तेव्हा काकूंनीच सांगितली, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगितली.